एक बाजू लाइपझिगची, दुसरी मॉर्बिड एंजलची

एका तबकडीवर समोरासमोर लाइव्ह ब्लॅक मेटल आणि लाइव्ह डेथ मेटल, हेवी मेटलचे हे दोन टोकाचे प्रकार, असा स्प्लिट, म्हणजे दोन बँडनी वाटून घेतलेली तबकडी, मला कुणी काढायला दिला तर मी विचार करायला वेळ मागणार नाही. एका बाजूला मेहेम या बँडचा 'लाइव्ह इन लाइपझिग', दुसऱ्या बाजूला मॉर्बिड एंजल या बँडचा 'एन्टँगल्ड इन केऑस'. आहेत ते दोन वेगळे अल्बम, पण मी ते जोडीनेच ऐकते. एक संपला की दुसरा, व्हॉल्यूमला हात न लावता. मी ड्रम्स वाजवते, तेव्हा पुढे जे लिहिलंय ते ड्रमरच्या कानांनी ऐकलेलं आहे.

आधी लाइपझिग. 26 नोव्हेंबर 1990, आइसकेलर नावाचा क्लब. जर्मनीचं एकीकरण होऊन दोन महिनेही झाले नव्हते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत हे शहर दुसऱ्याच देशात होतं. नॉर्वेहून आलेल्या या बँडमध्ये गिटारवर युरोनिमस, बासवर नेक्रोबुचर, ड्रम्सवर हेलहॅमर आणि माइकसमोर स्वीडनचा गायक डेड. ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे. गिटार एकच, आणि ती कधी पुढे येते, कधी झांजांच्या लाटेखाली जाते. पण मला यात कुणी काही दुरुस्त केलेलं नको आहे. ब्लॅक मेटलमध्ये रिफइतकीच, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीइतकीच, ती खोलीही वाजत असते. इथे छत किती खाली आहे, लोक किती जवळ उभे आहेत, ते कळतं. मधूनच कुणीतरी ओरडतं, डेड दोन वाक्यं बोलतो आणि पुढचं गाणं सुरू होतं.

डेडचा आवाज हेच या अल्बमचं खरं मोल. 'फ्युनरल फॉग', 'फ्रीझिंग मून' आणि 'बरीड बाय टाइम अँड डस्ट' ही गाणी स्टुडिओ अल्बमवर आली ती थेट 1994 मध्ये, आणि तिथे गायला आत्तिला चिहार. डेड एप्रिल 1991 मध्येच गेला होता. स्वतःचा जीव घेतला तेव्हा तो अवघा 22 वर्षांचा होता. 'फ्रीझिंग मून'च्या आधी तो जे बोलतो, त्यात नाटकाचा अंशही नाही. सुरुवातीचा संथ रिफ येतो, हेलहॅमर घाई करत नाही, एकेक ठोका मोजून टाकतो, आणि वेग वाढतो तेव्हा तो वाढायलाच हवा होता असं वाटतं. ड्रमरने थांबायचं कधी, हे शिकायचं असेल तर हे गाणं ऐकावं.

याच बँडचं 1990 चंच आणखी एक ध्वनिमुद्रण बूटलेग, म्हणजे अनधिकृत प्रत, म्हणून फिरतं, डेडच्या मृत्यूनंतरचं छायाचित्र मुखपृष्ठावर लावून. मी ते घरात ठेवणार नाही. त्याचा आवाज जपायचा असेल तर लाइपझिग आहे.

आता बाजू पलटा. 'एन्टँगल्ड इन केऑस' 1996 चा, 'डॉमिनेशन' या अल्बमच्या दौऱ्यातला. डेव्हिड व्हिन्सेंट गायला आणि बासला, ट्रे अझॅगथॉथ आणि एरिक रुटन गिटारवर, पीट सँडोव्हल ड्रम्सवर. फ्लोरिडाचा हा बँड तेव्हा अत्यंत तयारीचा होता आणि इथे प्रत्येक वाद्य सुटं सुटं ऐकू येतं. डेथ मेटलला हे लागतंच. रिफ मिनिटामिनिटाला बदलतो. तो ऐकूच आला नाही तर मागे उरतो नुसता गोंगाट. 'डे ऑफ सफरिंग' दोन मिनिटांतच संपतं, पण सँडोव्हलचा ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगवान ठोक्यांचा अखंड मारा, त्यात कुठेही सैल पडत नाही. उजव्या हाताचा ठोका शेवटपर्यंत त्याच जोराचा. मी हे गाणं अर्ध्या वेगात बसवलंय आणि तेवढ्यानेही मनगट भरून येतं.

तक्रार एकच. प्रेक्षक फार मागे ढकललेत. 'चॅपल ऑफ गूल्स'सारखं गाणं सुरू होताना समोरची गर्दी उसळते, ती मला ऐकायची आहे. इथे ती शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखी येते. लाइपझिगनंतर लगेच हे ऐकलं की ती उणीव जास्तच खुपते, आणि जोडीने ऐकण्याचा हा एकमेव तोटा.

खरोखरच्या स्प्लिटसाठी मात्र कात्री लावावी लागेल. 12 इंची तबकडीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटांपलीकडे गेलात की खाच अरुंद करावी लागते आणि आवाज उतरतो. शिवाय मिनिटाला 33⅓ फेऱ्यांना कडेजवळ सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटीमीटर खाच जाते, लेबलजवळ जेमतेम 20. वरच्या पट्टीतला तपशील तिथे चेपला जातो. म्हणजे झांजा, ट्रेमोलो गिटार (एकच सूर भराभर छेडलेली), बास ड्रमची टिकटिक, नेमकं जे या दोन्ही संगीतांचं हत्यार आहे ते. म्हणून सर्वांत वेगवान गाणं शेवटी ठेवू नये. मेहेमच्या बाजूला मी 'डेथक्रश'ने सुरुवात करीन, मग 'फ्युनरल फॉग', 'बरीड बाय टाइम अँड डस्ट', आणि शेवटी 'फ्रीझिंग मून', कारण त्यातला संथ भाग आतल्या खाचेतही तग धरतो. मॉर्बिड एंजलच्या बाजूला 'इमॉर्टल राइट्स', लगेच 'डे ऑफ सफरिंग', 'मेझ ऑफ टॉरमेंट', 'रॅप्चर', 'चॅपल ऑफ गूल्स', आणि शेवटाला 'ब्लेस्ड आर द सिक', जड पावलांचं. 'डॉमिनेट' गाळायला जिवावर येतं, पण मूळ लाइव्ह अल्बमवर ते सगळ्यात शेवटी आहे आणि त्या जागी त्याला न्याय मिळत नाही.