परदेशात मिशनसेवा: दोन वर्षं, सहा महिने की आयुष्यभर?

बारावीचे निकाल लागले की आमच्या मंडळीच्या तरुण संघात कोणी ना कोणी विषय काढतंच, "दादा, मला मिशनरी म्हणून बाहेरच्या देशात जायचंय." पाचारणाबद्दल मनात शंका नसते, गोंधळ असतो तो वाटेचा. यूट्यूबवर पांढऱ्या शर्टातली मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेल्या 'लॅटर-डे सेंट्स' या चर्चची) मुलं दिसतात, कोणाची चुलतबहीण वायवॅम या मिशन संस्थेचा कोर्स करून आलेली असते, कोणाच्या वसईच्या नात्यात एक फादर आफ्रिकेत असतात. लांबून सगळं सारखंच वाटतं. पण या तीन वाटा तुझ्याकडे जे मागतात त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो अर्ज भरण्याआधी कळलेला बरा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मॉर्मन मिशनवर फक्त त्यांच्या चर्चचे सदस्य जाऊ शकतात. तू कॅथलिक किंवा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा) असशील, तर ही वाट म्हणजे आधी चर्च बदलणं आलं. कॅथलिक चर्च मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाही, हे रोमने २००१ मध्ये अधिकृतपणे सांगितलेलं आहे. म्हणजे ही फक्त अर्ज बदलण्याची बाब नव्हे. परदेशी जाण्याच्या ओढीपायी एवढा मोठा निर्णय कोणी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. विश्वास पटला म्हणून गेलास, तर गोष्ट वेगळी.

तरीही आधी त्याच वाटेबद्दल सविस्तर लिहितो, कारण तरुण मिशनरी पाठवण्याची इतकी बांधीव व्यवस्था दुसरीकडे क्वचितच सापडेल. एका वेळी ७० हजारांहून अधिक मिशनरी जगभर असतात. मुलांची सेवा २४ महिन्यांची, मुलींची १८. मुलांसाठी वयाची अट २०१२ मध्ये १९ वरून १८ वर आली, म्हणजे थेट बारावीनंतरच. देश तू निवडत नाहीस. स्थानिक बिशपशी मुलाखत होते (त्यांच्याकडे बिशप म्हणजे स्थानिक मंडळीचा पुढारी, आपल्याकडचे महागुरुस्वामी नव्हेत), डॉक्टर आणि दंतवैद्याची तपासणी होते, आणि मग पत्र येतं. त्यात ब्राझील असेल किंवा शेजारचं राज्य असेल, तिथे जायचं.

गेल्यावर एक जोडीदार मिळतो, आणि स्नानगृह सोडलं तर त्याच्याशिवाय कुठेही जायचं नाही. जोडीदारही तू निवडत नाहीस. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात. कधी जोडीदार बदलतो, कधी गाव. प्रेमप्रकरण नाही. आठवड्यात एक दिवस कपडे, बाजार आणि घरच्यांसाठी. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला बोलता येतं. ज्या आया पूर्वी सहा-सहा महिने आवाजासाठी तळमळल्या असतील, त्यांच्यासाठी हा फार मोठा बदल आहे.

वायवॅम, म्हणजे यूथ विथ अ मिशन, याच्या अगदी उलट बांधणीचं. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ते सुरू केलं. कोणत्याही एका चर्चचं नाही, त्यामुळे तुझी मंडळी सोडायचा प्रश्न येत नाही. सुरुवातीचा कोर्स शिष्यत्वाच्या प्रशिक्षणाचा, पाच-सहा महिन्यांचा. त्यात सुमारे १२ आठवडे वर्ग आणि नंतर ८ ते १२ आठवडे गटाने दुसऱ्या ठिकाणी सेवा. केंद्र तू निवडतोस, सेवा कुठे होईल याचाही साधारण अंदाज असतो. पण प्रत्येक केंद्र बहुतांशी स्वतःच्या जबाबदारीवर चालतं. एका केंद्राचा अनुभव उत्तम म्हणून दुसऱ्याचाही तसाच येईल असं धरून चालू नकोस. तिथला प्रमुख किती वर्षं आहे, गट नेणारा किती अनुभवी आहे, हे फोन करून विचारच. गटनेता स्वतः विशीतलाच असू शकतो. अनोळखी देशात कोणी तापाने फणफणलं तर निर्णय त्यालाच घ्यायचा असतो.

पैशाचं गणित दोन्हीकडे निराळं आहे. मॉर्मन मिशनमध्ये अमेरिकेसारख्या देशांतल्या तरुणाच्या घरून २०२० पासून महिना ५०० डॉलर जातात, मग त्याला स्वस्त गावात पाठवोत की महागड्या शहरात. बाकी देशांत ही रक्कम वेगळी ठरते, आणि ज्यांना झेपत नाही त्यांना चर्च हातभार लावतं. वायवॅममध्ये कोर्सची फी तू भरतोस, सेवेच्या प्रवासाचा खर्च बऱ्याचदा वेगळा, आणि पुढे कार्यकर्ता म्हणून राहिलास तरी पगार नाही. महिन्याचा आधार स्वतःच उभा करायचा. आपल्याकडे हा आधार म्हणजे पाळकसाहेब, मामा-काका आणि मंडळीतली चार घरं. त्यांच्याकडे पैसे मागताना जीभ अडखळते, हे मी पाहिलं आहे. घरी मोकळेपणाने बोलून, वर्षभराचा आकडा कागदावर मांडून मगच पाऊल उचल.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब, भाषा. आपण मराठी ख्रिस्ती माणसं हे जाणतोच, कारण आपल्याकडे जे आले आणि खरोखर रुजले ते भाषेमुळे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. इंग्लंडच्या त्या माणसाने मराठीत ओव्या रचल्या. सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, लग्न न झालेल्या स्त्रीला परदेशी पाठवणं तिकडच्या मिशनसाठी तेव्हा फार दुर्मीळ होतं. पुढे त्या अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याकडेच गेल्या होत्या. हे सहा महिन्यांत होत नाही.

म्हणून भाषेच्या कसोटीवर मॉर्मन वाट सरस आहे, हे मान्य करावंच लागेल. नवीन भाषा असेल तर आधी काही आठवडे वर्ग, आणि मग दोन वर्षं रोज दारोदारी तीच भाषा. मुलं त्या भाषेत प्रार्थना करू लागतात, बाजारात घासाघीस करू लागतात. सहा महिन्यांच्या कोर्सात सेवेचे दोन-तीन महिने दुभाष्यामागे उभं राहण्यात जातात. त्यात वाईट काही नाही. फक्त तो काळ मुख्यतः तुझ्या शिक्षणाचा आहे, तिथल्या लोकांची सेवा थोडीच, हे स्वतःशी आणि पैसे देणाऱ्यांशी प्रामाणिकपणे बोल.

कायद्याबद्दल कोणीच विचारत नाही आणि मला त्याची सर्वात जास्त काळजी वाटते. नेपाळ जवळचा, व्हिसा लागत नाही, म्हणून गट तिकडे निघतात. तिथे दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा गुन्हा आहे: पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर. रशियात २०१६ च्या कायद्याने प्रचारावर बंधनं आली, तेव्हा मॉर्मन चर्चने तिथल्या आपल्या तरुणांना 'मिशनरी'ऐवजी 'स्वयंसेवक' म्हणायला सुरुवात केली आणि कामाची पद्धतही बदलली. जपानमध्ये मात्र धार्मिक कार्यासाठी व्हिसाचा स्वतंत्र प्रकारच आहे. पाठवणारी संस्था कोणत्या व्हिसावर पाठवते हे लेखी घे. "पर्यटक म्हणून जा, तिथे कोण बघतंय" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांब. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानमधल्या, बाहेरच्यांना बंदी असलेल्या उत्तर सेंटिनेल बेटावर गेला आणि तिथल्या जगापासून अलिप्त राहणाऱ्या जमातीकडून मारला गेला. त्याच्या मरणाचं मला दुःख आहे. पण ज्यांच्या अंगात आपल्या साध्या सर्दीशीही लढण्याची ताकद नसेल, अशा माणसांचा जीव त्याने धोक्यात घातला, हे विसरता येत नाही. त्याला तिकडे नेणाऱ्या मच्छीमारांनाही अटक झाली.

तिसरी वाट थोडक्यात, कारण ती तुलनेत बसतच नाही. १८७५ मध्ये नेदरलँड्समधल्या श्टाइल गावी सुरू झालेला एसव्हीडी (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड) संघ किंवा गोव्यातला पिलारचा संघ, या कॅथलिक मिशनरी संघांत गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन स्वीकारून आयुष्य द्यायचं असतं. एसव्हीडीमध्ये काही तरुणांना शिक्षण चालू असतानाच दोनेक वर्षांसाठी परदेशी पाठवतात, त्यामुळे धर्मगुरू होण्याआधी स्वतःला जोखता येतं. शिक्षणाची वर्षं दहाच्या आसपास जातात. हे ज्याला हवं आहे त्याने आधी पदवी पूर्ण करावी, असं मी सांगतो.

तर माझं म्हणणं असं. तू मॉर्मन चर्चचा असशील आणि घरच्यांच्या किंवा मित्रांच्या दबावाखाली नसशील, तर दोन वर्षांची वाट धर. इतर मंडळीतला असशील, वय १८-१९ असेल, अजून घराबाहेर महिनाभरही राहिला नसशील, तर सहा महिन्यांचा कोर्स भारतातल्या केंद्रात कर आणि परदेश पुढच्या वर्षावर टाक. आणि भाषा शिकायला मन घेत नसेल, तर तूर्तास इथेच थांब. पुण्या-मुंबईच्या झोपडवस्तीत शिकवणी घेणाऱ्या मंडळींना माणसं कमीच पडतात.

अर्ज भरायच्या आधी दोन माणसांना गाठ. एक, त्याच वाटेवरून पूर्ण काळ सेवा करून आलेला. दुसरा, मध्येच परत आलेला. असे असतात, आजारपण, मनावरचा ताण, जोडीदाराशी न पटणं, कारणं बरीच. मॉर्मन घरांत तर लवकर परतलेल्या मुलाला लोकांच्या नजरा फार झेलाव्या लागतात. या दुसऱ्याला आधी भेट, आणि एवढंच विचार: परत यायचं ठरवलंस त्या रात्री तू कोणाला फोन केलास, आणि त्यांनी काय केलं?