ॲम्बॅसेडरचं टायमिंग: बारा व्होल्टचा बल्ब की टायमिंग लाइट?

पेट्रोल ॲम्बॅसेडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनात डिस्ट्रिब्युटर (चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) बसवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, घरीच जुळवायची असेल, तर साधा टेस्ट बल्ब पुरतो का? बसवताना पुरतो. पण डिस्ट्रिब्युटर जुनाच परत बसवत असाल, तर टायमिंग लाइट (एक नंबरच्या ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) लावल्याशिवाय काम झालं असं मी मानत नाही.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा धरा आणि हँडलने इंजिन फिरवा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की कॉम्प्रेशन आलं. आता क्रँकच्या पुलीची खाच मॅन्युअलमधल्या डिग्रीवर आणा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरची एकच फेरी होते. त्यामुळे नुसती खाच बघून बसवलंत तर रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणारा, ठिणगी वाटणारा हात) चार नंबरच्या वायरकडे तोंड करून बसलेला असू शकतो. वायरी 1-3-4-2 या क्रमाने, घड्याळाच्या उलट दिशेने. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) गॅप आधी 0.35 ते 0.40 मिलिमीटर करून घ्या, कारण नंतर गॅप वाढवलात तर टायमिंगही पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते.

बल्बचं काम सोपं आहे. एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, इग्निशन चालू. क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. तिथेच आवळा. खर्च जवळजवळ शून्य, आणि बंद पडलेली गाडीसुद्धा अशी जागेवर आणता येते. इग्निशन मात्र उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

बल्बला दिसत नाही ते चालत्या इंजिनातलं. लाइटचा चिमटा एक नंबरच्या वायरीला लावा, डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि खाचेवर खडूची रेघ मारून उजेड टाका. रेघ एका जागी उभी राहिली तर उत्तम. थरथरत मागेपुढे उड्या मारत असेल, तर बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजलाय. मग कितीही सेटिंग करा, चारही सिलिंडरना ठिणगी वेळेवर मिळणार नाही. हळूहळू रेस दिल्यावर रेघ सरकत पुढे गेली पाहिजे. अजिबात हलली नाही तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं गंजून अडकलेली असतात. घाटात गाडी ओढत नाही आणि तापते, त्यामागे अनेकदा हेच असतं, आणि लोक मात्र कार्ब्युरेटर खोलून बसतात.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाकलं असेल तर सरळ लाइटच घ्या. गाडी महिन्यातून एखाद्या वेळी निघत असेल, डिस्ट्रिब्युटर नवा असेल, तर बल्बवर लावा आणि एकदा लाइट असलेल्या गॅरेजमध्ये तपासून आणा. गाडी रोजच्या वापरात असेल तर लाइट स्वतःचीच असू द्या, कारण पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग गुपचूप मागे पडत राहतं.