महाल, पेठ की वाडा? अरबी थाटाच्या हॉटेलचे तीन नमुने

क्लायंटचं वाक्य ठरलेलं असतं: "अरेबियन हवं, आणि भव्य हवं." मग पुढच्या मीटिंगला प्रत्येक आर्किटेक्टचं ऑफिस घुमट रंगवून आणतं. आखाताच्या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांना मात्र घुमट नसायचेच. सपाट गच्ची, जाड भिंती, मधे चौक. आपल्या डोळ्यांपुढचे घुमट बव्हंशी कैरो, इस्तंबूल, इस्फहानकडचे, आणि त्यातली शेवटची दोन तर अरबी शहरंही नव्हेत. तेव्हा घुमट किती हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी ठरवायचं ते वेगळंच आहे: महाल उभारायचाय, पेठ वसवायचीय की जुने वाडे जोडून घ्यायचेत? तिन्हींचे नमुने अमिरातीत आहेत आणि पहाटे निघालात तर एका दिवसात बघून होतात.

महाल म्हणजे अबू धाबीचं एमिरेट्स पॅलेस. 2005 साली उघडलं, आराखडा डब्ल्यूएटीजी या संस्थेचा. खोल्या 394, घुमट 114, मधला घुमट जमिनीपासून 72 मीटरहून उंच. दोन्ही बाजूंना पंख पसरलेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे किलोमीटरभर. फाटकातून आत येतानाच माणूस दबकतो, आणि तोच हेतू आहे. राष्ट्रप्रमुख उतरवायचे, शिखर परिषद भरवायची, तर याला तोड नाही. पण खोल्यांच्या आकड्याशेजारी घुमटांचा आकडा ठेवून बघा: साधारण साडेतीन खोल्यांमागे एक घुमट. हे गणित सरकारी तिजोरीला परवडतं, कारण ही इमारत सरकारनंच बांधलीय. कर्ज काढून हॉटेल बांधणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये. घुमटाखालची सगळी हवा थंड ठेवायची, लांबच लांब कॉरिडॉरमधून रात्री बाराला गरम सूप पोचवायचं, आणि वाळूच्या वादळानंतर ते सगळे घुमट पुसायचे, हा खर्च उद्घाटनानंतर सुरू होतो.

पेठ म्हणजे दुबईचं मदिनत जुमेरा. 2003-04 मध्ये टप्प्याटप्प्यानं उघडलं. एकच अवाढव्य इमारत करण्याऐवजी अनेक इमारती, मधून पाण्याचे कालवे, त्यात ये-जा करणाऱ्या अब्रा होड्या, शेजारी सूक म्हणजे बाजार, आणि वर वाऱ्याचे मनोरे, म्हणजे बारजील. इथे भव्यता एका नजरेत भरत नाही, ती वळणावळणानं कळत जाते. मालकाच्या दृष्टीनं फायदा असा, की काम टप्प्यांत उघडता येतं आणि एखादा भाग दुरुस्तीला काढला तरी बाकीचं चालू राहतं.

पण बारजीलबद्दल फसू नका. खरा बारजील चारी बाजूंनी उघडा, आत फुलीसारखी आडभिंत. वारा कुठूनही आला तरी एका बाजूनं खाली उतरतो, दुसऱ्या बाजूनं आतली गरम हवा ओढली जाते. खाली बसलेल्या माणसाच्या अंगावरचा घाम वाळतो, एवढंच त्याचं काम. एसी लावलेल्या बंद खोलीत तोच वारा धूळ आणि दमट हवा आणेल, थंड भिंतीला पाणी सुटेल, महिन्याभरात बुरशी. म्हणून नव्या हॉटेलांवरचे बारजील बहुतेक शोभेचे असतात. मला त्यात गैर वाटत नाही, पण निदान त्याच्या पोटात एक्झॉस्टचे डक्ट तरी लपवा. (आणि ही चीज आली पलीकडच्या किनाऱ्यावरून. दक्षिण इराणातल्या बस्तकचे व्यापारी दुबईच्या खाडीकाठी वसले, म्हणून त्या वस्तीचं नाव बस्तकिया. "अस्सल अरबी" म्हणणाऱ्या क्लायंटला हे हळूच सांगावं.)

वाडा म्हणजे शारजाचं अल बैत. व्यापाऱ्यांची जुनी घरं दुरुस्त करून, जोडून केलेलं हॉटेल, खोल्या अवघ्या 53. प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, जिप्समचा गिलावा. मान वर करून छत बघा. जुन्या घरात चंदलाचे, म्हणजे पूर्व आफ्रिकेतून जहाजानं आणलेल्या खारफुटीचे वासे ओळीनं टाकलेले असत. वासा जेमतेम तीन-साडेतीन मीटर भरायचा, म्हणून खोलीची रुंदीही तेवढीच. सगळं घरच त्या वाशाच्या मापानं बेतलेलं. दारांना हिंदुस्थानातून गेलेला साग, आणि मोठ्या दाराच्या पोटात वाकून जायचं छोटं दार. आपण त्याला दिंडी म्हणतो. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. अडचण त्या रुंदीचीच. हल्लीच्या आलिशान खोलीत मोठा पलंग, त्यापुढे चालायला जागा, सोफा, कपाट हे सगळं साडेतीन मीटरमध्ये बसवताना घाम फुटतो. शिवाय तीनशे खोल्या हव्या असतील तर हा नमुना सोडूनच द्या.

तिन्हीकडे एक गोष्ट सारखीच तपासा: सावली. दुबई साधारण 25 अक्षांशावर. जूनच्या भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कितीही उंच भिंतीची सावली पडत नाही, वरून आडोसा लागतो. जुन्या लोकांनी झावळ्या टाकल्या, गल्ल्या अरुंद ठेवल्या. आपण चौक पंचवीस मीटर रुंद करतो आणि मधे कारंजं बसवतो.

मशरबियाचं, म्हणजे खिडकीपुढच्या नक्षीदार जाळीचंही तसंच. आमच्या एका कामावर जीआरसीच्या, म्हणजे काचतंतू घातलेल्या काँक्रीटच्या, जाळीदार पॅनेलचा मॉक-अप (नमुना) उन्हात उभा केला होता. ड्रॉइंगमध्ये देखणा, प्रत्यक्षात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी डोळे दुखले. लाकडी मशरबियात कातलेले गोल तुकडे असतात, ऊन त्यांच्या गोलाईवरून निसटत आत येतं. सपाट कापलेल्या भोकाला ती गोलाई नसते. कडा तासून घेतल्या, दर वाढला, खर्चाचा हिशेब ठेवणारा क्वांटिटी सर्व्हेअर महिनाभर नीट बोलला नाही.

माझं मत विचाराल तर: साठ खोल्यांच्या आत असाल आणि जुनी घरं हाताशी असतील, तर वाडाच. दीडशे ते तीनशेपर्यंत पेठ, पण चौक अल बैतच्या मापाचे, दहा-बारा खोल्यांना एक. महाल फक्त राजानं सांगितला तर. आणि क्लायंट घुमटावर अडूनच बसला तर एकच द्या, लॉबीवर.

बघायला ऑगस्टात जा, दुपारी दोनला. डिसेंबरात तिन्ही सारखीच छान वाटतात.