आयरिश शिकायला सुरुवात करताना: कोणता ऑनलाइन गट कोणाला सोयीचा?

आयरिश भाषा शिकण्यासाठी ऑनलाइन गट भरपूर आहेत. शिक्षक असलेले वर्ग, एखादं पुस्तक धरून सगळ्यांनी मिळून शिकायचे गट, गप्पांचे गट आणि व्हॉट्सॲप किंवा डिस्कॉर्डवर चोवीस तास चालू असलेले गट. निवडताना आधी एवढंच पाहा: तुमचा उच्चार चुकला तर तो कोण सुधारणार, आणि किती लवकर?

हा मुद्दा मराठी माणसासाठी जास्तच महत्त्वाचा आहे. रोमन अक्षरांत मराठी टाइप करायची सवय असली की बी-एच दिसताच भ आणि टी-एच दिसताच थ वाचला जातो. आयरिशमध्ये बी-एच आणि एम-एचचा उच्चार साधारण व असा होतो, टी-एचचा ह, आणि एफ-एच बहुधा उच्चारलंच जात नाही. त्यात शब्दाचं पहिलं व्यंजन मागच्या शब्दाप्रमाणे बदलतं. बो म्हणजे गाय, मो वो म्हणजे माझी गाय, आर मो म्हणजे आमची गाय. नुसतं वाचून महिनाभर ‘मो भो’ घोटलं, की ते जिभेवरून उतरवायला पुढे फार कष्ट पडतात. एक सोय मात्र आपल्याला आयती आहे: आयरिशचे ‘जाड’ टी आणि डी दातांना जीभ लावून म्हणायचे असतात, म्हणजे ट-डपेक्षा आपल्या त-दच्या जवळचे.

शिक्षक असलेला वर्ग

कॉनरा न गेल्गे ही १८९३ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि गेलखुल्तूर या दोन्हींचे ऑनलाइन वर्ग असतात. असा वर्ग साधारणपणे आठ ते दहा आठवडे चालतो, आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास. चूक तिथल्या तिथे सुधारली जाते, हा याचा मोठा फायदा. पण बारा जण असतील तर दीड तासात प्रत्येकाच्या वाट्याला सातेक मिनिटंच येतात. म्हणून वर्गात दोघा-दोघांच्या जोड्या करून बोलायला लावतात का, हे नाव नोंदवण्याआधी विचारा.

दुसरी अडचण ‘नवशिके’ या शब्दाची. आयर्लंडमध्ये आयरिश हा प्राथमिक शाळेपासून सक्तीचा विषय आहे. तिथल्या नवशिक्यांच्या वर्गात बरेचदा शाळेतलं विसरलेली माणसं येतात. त्यांना शब्द आठवत नसले तरी लिपी आणि आवाज ओळखीचे असतात. पहिल्याच तासाला वर्ग दोन पाठ पुढे गेलेला वाटला, तर दोष तुमचा नाही. शून्यापासून सुरू होणारा वर्ग आहे का, असं स्पष्ट विचारूनच पैसे भरा. पुढे परीक्षा द्यायची असेल तर मेनूथ विद्यापीठाच्या टेग या आयरिशच्या परीक्षेची ए१, म्हणजे सर्वांत सुरुवातीची, पातळी गाठणारा अभ्यासक्रम निवडावा. तोंडी परीक्षा तिचा भाग असल्याने वर्गात बोलणं टळत नाही.

पुस्तक धरून चालणारा गट

चिकाटी असेल तर कमी खर्चात सर्वांत जास्त शिकवणारा प्रकार हाच, आणि सर्वांत जास्त मोडणाराही हाच. मिहॉल ओ शील यांचं १९८० चं ‘लर्निंग आयरिश’ अशा गटांत फार वापरलं जातं. त्यात ३६ पाठ आहेत आणि भाषा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनमारातल्या कोश अरिगे भागाची आहे. आठवड्याला एक पाठ असा वेग धरणारे गट सुरुवातीलाच विस्कटतात, कारण एकेका पाठात नवे शब्द, व्याकरण आणि दोन्ही बाजूंची भाषांतरं एवढं सगळं असतं. एका पाठाला दोन आठवडे द्यावेत. म्हणजे हा प्रवास दीड वर्षाचा आहे, हे गटात पहिल्या दिवशीच बोलून घ्यावं.

चार ते सहा जण पुरेत. प्रत्येकाने दुसऱ्याचं न पाहता स्वाध्याय लिहावा, ठरलेल्या दिवशी सगळ्यांचे एकदम खुले करावेत, आणि उत्तरं जिथे जुळत नाहीत तेवढ्यावरच चर्चा करावी. सोबत धड्यातली तीन वाक्यं आवाजात रेकॉर्ड करून पाठवावीत. ही शेवटची पायरी गाळणारे गट लेखी आयरिशमध्ये हुशार आणि बोलायला मुके होतात.

धोका आहे तो एकमेकांच्या ‘दुरुस्त्यां’चा. ‘टेबलावर’ याला कॉनमारात एर अ मोर्द म्हणतात आणि उत्तरेकडच्या डोनेगॉलमध्ये एर अ वोर्द. दोन्ही बरोबर. दोन वेगळ्या पुस्तकांतून आलेले दोन नवशिके मात्र एकमेकांना चूक ठरवत बसतात, आणि तिसरा भलताच नियम शिकतो. ‘कसा आहेस?’ याचंही तेच: दक्षिणेकडच्या मन्स्टरमध्ये कोनस ता तू, डोनेगॉलमध्ये काज्ये मार अता तू. म्हणून गटाची बोली एकच ठरवा. वाद झाला तर टेंगलन डॉट आयई या संकेतस्थळावर शब्दांचे उच्चार या तिन्ही भागांच्या बोलींत ऐकता येतात. पूर्ण वाक्यासाठी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं अबर हे यंत्र-आवाजाचं साधन आहे. चांगलं आहे, पण माणसाला पर्याय म्हणून नाही.

गप्पांचा गट

हा साधारण ए१ पूर्ण झाल्यावरच घ्यावा. त्याआधी गेलात तर नवशिके गप्प बसतात, एखादा सराईत माणूस बोलत राहतो, आणि थोड्याच वेळात सगळे इंग्रजीवर येतात. यजमान आयरिशमध्येच राहायला लावत असेल आणि आठवड्याचा विषय आधी कळवत असेल, तर तो गट सोडू नका. जाताना स्वतःबद्दलची चार-पाच वाक्यं आणि दोन विनंत्या तोंडपाठ हव्यात: गो मॉल, ले दो हेल (सावकाश, कृपया) आणि अबर अरीश ए (पुन्हा सांगा).

चोवीस तासांचे चॅट गट शंका विचारायला ठीक, शिकायला नाहीत. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत शिक्षणाबाहेर रोज आयरिश बोलणारे ७१,९६८ जण नोंदले गेले. एवढ्यांतले चॅटवर येणार किती? तिथे ठामपणे उत्तर देणारा बहुधा शिकणाराच असतो. उत्तराला शब्दकोशाचा आधार मागा.

आमची शिफारस: पहिला एक सत्र शिक्षकाचा वर्ग, मग त्याच बोलीचा पुस्तक-गट, आणि गप्पा त्याच्या जोडीला. डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे सहज जमेल. पुण्या-नागपूरहून शिकणाऱ्याने घड्याळ पाहावं. आयर्लंडमधला संध्याकाळी सातचा वर्ग भारतात उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला येतो, कारण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. ते जमत नसेल तर तिथल्या सकाळचे किंवा शनिवारचे वर्ग शोधा. तेही न मिळाल्यास भारतातच चौघं जमवून पुस्तक-गट सुरू करा, आणि महिन्यातून एक तास एखाद्या शिक्षकाला पैसे देऊन सगळ्यांचं रेकॉर्डिंग तपासून घ्या.