प्रेग्नन्सी कार्ड: एकच रेघ आली, तरी निर्धास्त होऊ नका

मेडिकलमध्ये पन्नास-साठ रुपयांना मिळणारं हे कार्ड पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांसाठी उत्तम. बहुतेक कार्डांवर दर मिलिलिटरला २५ मिलि-युनिट एचसीजीला (गर्भारपणात तयार होणारं हार्मोन) रेघ उमटते. सकाळच्या पहिल्या लघवीचे तीन थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. पट्टी वाळल्यावर उमटलेली फिकी सावली धरू नका. पाचपैकी साडेतीन तारे.

पाउचवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं आणि नागपूरचा मे ४५ गाठतो. टिनाच्या शेडखालच्या दुकानातलं किंवा दुपारभर डिक्कीत राहिलेलं कार्ड नकोच. ‘सी’ची (कंट्रोलची) रेघ आली म्हणजे कार्ड चांगलं, हा गैरसमज आहे. कार्डातल्या रंगाच्या सोन्याच्या कणांवर उंदराची अँटिबॉडी (ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन) चिकटवलेली असते; ‘सी’वरची अँटिबॉडी तिलाच पकडते. द्रव वर चढला आणि हे कण सोबत आले, एवढंच ती रेघ सांगते. ‘टी’वरची, म्हणजे एचसीजी पकडणाऱ्या तपासणीच्या रेघेवरची अँटिबॉडी उन्हाने मेली असली तरी ‘सी’ गुलाबीच येते.

खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. एचसीजी लघवीत एकाच रूपात नसतं. अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा अख्खा रेणू, सुरुवातीच्या आठवड्यांतलं जास्त साखर चिकटलेलं रूप, सुटी बीटा साखळी, बीटा कोअर नावाचा बीटाचा तुकडा, सगळे सोबत असतात. कार्ड यातलं काय पकडतं, याबद्दल पत्रकात अवाक्षर नाही.

फरक पडतो तो असा. एलएच (बीजांड सुटायला लावणारं हार्मोन) आणि एचसीजी यांची अल्फा साखळी एकच, ९२ अमिनो आम्लांची. बीटा मात्र एलएचची १२१, एचसीजीची १४५. दोघांत गल्लत नको म्हणून काही अँटिबॉडी या जास्तीच्या शेपटावर बनवतात. पण बीटा कोअरला शेपूटच नसतं! गर्भारपणाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यानंतर लघवीत त्याचंच प्रमाण वाढतं. रेघ उमटायला एकाच रेणूला दोन अँटिबॉडींनी धरावं लागतं. या जोडीतली एक अँटिबॉडी तुकड्याला धरते, दुसरी धरत नाही; जागा तुकड्यांनीच अडतात, रेघ फिकी पडते किंवा येतच नाही. द्राक्षगर्भात (गर्भाऐवजी वारेची द्राक्षांच्या घोसासारखी वाढ) अख्खं एचसीजीच इतकं जास्त असतं की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात. दोन महिने पाळी नाही, उलट्या सुरू आणि कार्ड निगेटिव्ह, तर एक भाग लघवीत नऊ भाग पाणी घालून नवीन कार्डावर करा. रेघ आली तर आधीचा निकाल खोटा. पोटात दुखत असेल तर मात्र कार्डाचा नाद सोडा, सरळ सोनोग्राफीला जा.

कॅन्सरसाठी हे कार्ड अजिबात नाही. काही कॅन्सरही एचसीजी सोडतात, पण वृषणाच्या काही गाठी नुसती सुटी बीटा सोडतात. अल्फा-बीटाच्या जोडीवर बेतलेलं कार्ड तिला आंधळं. नागपूरच्या रामदासपेठ-धंतोलीत लॅबचा तोटा नाही. तिथे ‘सुटी बीटाही मोजता का?’ हे विचारा आणि द्राक्षगर्भानंतरचे सगळे रिपोर्ट एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर करा. रक्तात एचसीजी थोडं पॉझिटिव्ह आणि लघवीत काहीच नाही, असं आलं तर औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना तेवढं दाखवा: रक्तातल्या आडव्या येणाऱ्या अँटिबॉडी चाचणीला फसवतात, पण त्या लघवीत उतरत नाहीत.