वॉशिंग्टनचे कार्नेगी ग्रंथालय : दुकानाच्या वर नांदणारा शहराचा इतिहास

वॉशिंग्टनला येणारा पर्यटक कॅपिटॉल, लिंकन स्मारक आणि स्मिथसोनियनची संग्रहालये पाहून परततो. या राजधानीत पिढ्यानपिढ्या राहत आलेल्या सामान्य माणसांचे शहर मात्र त्याला क्वचितच भेटते. ते पाहायचे असेल, तर माउंट व्हर्नन चौकातील जुन्या कार्नेगी ग्रंथालयात असलेल्या 'डीसी हिस्ट्री सेंटर'ला अवश्य जावे.

पोलाद उद्योगातील धनाढ्य अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही शुभ्र संगमरवरी इमारत जानेवारी १९०३मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत खुली झाली. दर्शनी भागावर विज्ञान, काव्य आणि इतिहास हे तीन शब्द कोरलेले आहेत. मला या वास्तूविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. शहरातील शाळा आणि उपाहारगृहे वर्णभेदाने विभागलेली होती, त्या काळातही येथील वाचनकक्षात कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय वाचक एकत्र बसून वाचू शकत होते.

१९७२मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय नव्या इमारतीत गेले. पुढे २००३मध्ये येथे शहराचे संग्रहालय सुरू झाले, पण पुरेसे प्रेक्षक न लाभल्याने ते पुढच्याच वर्षी बंद पडले. स्मिथसोनियनची दालने विनामूल्य पाहता येतात, अशा शहरात तिकीट काढून स्थानिक इतिहास पाहायला लोकांनी यावे, ही अपेक्षा जड होती. सध्याची व्यवस्था २०१९पासूनची आहे : 'फॉस्टर अँड पार्टनर्स' या वास्तुरचनाकार संस्थेने नूतनीकरण केलेल्या या इमारतीत खाली ॲपलचे भव्य दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर १८९४मध्ये स्थापन झालेल्या इतिहास संस्थेचे केंद्र आहे.

ग्रंथालयाच्या मुख्य दालनात फोन विकले जावेत, हे मला अजूनही खटकते. तरीही दगडी काम, कमानी आणि उंच छत निगुतीने जपले गेले आहे, हे मान्य करायला हवे. बंद दाराआड इमारत झिजत राहण्यापेक्षा हे निश्चितच बरे. तळघरात इमारतीच्या इतिहासाची छायाचित्रे आणि कागदपत्रे मांडलेली आहेत, तीही चुकवू नयेत.

वरच्या मजल्यावरील दालने आकाराने बेताची आहेत. राष्ट्रीय संग्रहालयाची अपेक्षा ठेवून येणाऱ्याची थोडी निराशा होईल; परंतु या केंद्राचे खरे वैभव त्याच्या किप्लिंगर संशोधन ग्रंथालयात आहे. नकाशे, जुनी छायाचित्रे आणि हस्तलिखिते यांच्या आधारे एखाद्या गल्लीचा किंवा घराचा माग काढू पाहणाऱ्या नागरिकाला येथे साधने हाताळता येतात, आणि स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाकडून मी हीच अपेक्षा ठेवतो.

प्रवेशशुल्क नाही. मेट्रोच्या पिवळ्या किंवा हिरव्या मार्गाने आल्यास माउंट व्हर्नन स्क्वेअर स्थानकापासून चालत जाता येते. कागदपत्रे पाहायची असतील, तर आधी संपर्क साधून वेळ ठरवावी आणि निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा.