मान्यता आधी की वाटाघाटी आधी?

पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता कधी द्यायची, यावर बाहेरच्या सरकारांत दोन तट आहेत. अमेरिका म्हणते, दोन्ही बाजूंनी आधी थेट बोलून सीमा आणि सुरक्षा ठरवावी, मान्यता शेवटी. हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायलमध्ये केलेल्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हत्याकांडानंतर मान्यता म्हणजे हमासला बक्षीस, ही इस्रायलींची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो करारापासून आधी बोलणी, मग मान्यता हाच क्रम पाळला गेला. तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागात उभारलेल्या वस्त्यांमध्ये सुमारे १ लाख १० हजार इस्रायली राहत होते, आज ५ लाखांहून जास्त. ज्या जमिनीबद्दल बोलायचं, ती बोलणी लांबतील तशी हातची जाते आहे.

आधी मान्यता हा मार्ग भारताने १९८८ मध्येच धरला. नॉर्वे, स्पेन, आयर्लंड २०२४ मध्ये आले, ब्रिटन आणि फ्रान्स २०२५ मध्ये. मला हाच मार्ग न्याय्य वाटतो, कारण यात पॅलेस्टिनींचा हक्क इस्रायलच्या होकारावर टांगलेला राहत नाही. मात्र नुसत्या घोषणेने गाझात पिठाचं पोतं पोहोचत नाही. सोबत शस्त्रविक्री थांबवावी, वस्त्यांमधला माल नाकारावा. छोट्याशा स्लोव्हेनियाने २०२५ मध्ये दोन्ही केलं.